एकाच फाइलीतले दोन चेहरे

अण्णा बारा महिने राखाडी शर्ट घालायचे. लग्नाच्या ऑर्डरीला राखाडी, घरच्या पूजेला राखाडी, दिवाळीला नवा घेतला तरी तोही राखाडीच. बेळगावातल्या शहापुरात असलेल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी अल्बमच्या डिझाइनला लागले तेव्हा मला वाटलं, या माणसाकडं एकच शर्ट आहे. मग एके दिवशी मागच्या खोलीत दोरीवर तसलेच चार-पाच वाळत घातलेले दिसले आणि माझा गोंधळ आणखी वाढला. कारण विचारलं तर म्हणाले, कम्प्युटरसमोर बसणाऱ्याच्या कपड्याचा रंग स्क्रीनवर पडतो, स्क्रीनवरून डोळ्यात जातो आणि डोळ्यातून फोटोत उतरतो. त्या दिवशी मी कुंकवाच्या रंगाचा ड्रेस घालून आले होते. मला त्यांनी दिवसभर प्रिंटच्या कडा कापायला बसवलं.

पुढं मीही आमच्या बेळगुंदी गावाहून येताना मळखाऊ रंगाचे कपडे घालायला लागले. आई म्हणायची, नोकरी लागल्यापासून पोरगी उतरलेली दिसते.

शहापुरात साडीची रिकामी खोकी कुठल्याही गल्लीत मिळतात. अण्णांनी तसलं एक खोकं कापून, आतून काळं कापड चिकटवून मॉनिटरला टोपडं केलं होतं. फोटोवर काम करायचं तर त्या टोपड्यात डोकं घालून बसायचं. गिऱ्हाइकाला माझं तोंड कधी दिसलंच नाही, नुसती वेणी दिसायची. आणि तयार झालेला प्रिंट अण्णा ट्यूबलाइटखाली कुणालाही दाखवत नसत. गिऱ्हाइकाला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर न्यायचे, उजेडाकडं तोंड करून उभं करायचे आणि मगच पाकीट उघडायचे. आभाळ भरलेलं असलं तर सरळ उद्या या म्हणायचे.

एकदा समोरच्या साडीवाल्यानं आपल्या भिंतीला पोपटी रंग दिला. झालं. अण्णांच्या उंबऱ्यावरचा उजेड पोपटी झाला आणि सगळ्या नवऱ्या मुली कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या. असं अण्णांचं म्हणणं. मला काही फरक दिसत नव्हता, पण तसं बोलायची सोय नव्हती. त्यांनी साडीवाल्याला भिंत राखाडी करायची गळ घातली. तो म्हणाला, माझं दुकान आहे का तुरुंग? बरेच दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. शेवटी तोड निघाली की अण्णांच्या दारासमोर येते तेवढी भिंत अण्णांनी स्वतः रंगवायची. आजही ती भिंत अर्धी पोपटी आणि अर्धी राखाडी आहे. नव्या माणसाला वाटतं, रंगारी भांडून मधेच निघून गेला असावा.

आणि कुंदा. रोज सकाळी येताना अण्णा दूध आटवून केलेल्या त्या तपकिरी मिठाईचा एक तुकडा घेऊन यायचे. बेळगावात लोक कुंदा खायला घेतात, अण्णा फोटो काढायला घ्यायचे. पांढऱ्या बशीत ठेवून एक फोटो, मग स्क्रीनवरचा कुंदा आणि बशीतला कुंदा शेजारीशेजारी. रंग जुळला की दिवसाचं काम सुरू. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडच्या माणसांची कातडी कुंद्याच्याच घरातली. कुणी कमी आटवलेला, कुणी जास्त. कुंदा बरोबर आला की माणूस बरोबर येतो. मी म्हटलं, अण्णा, पण कुंदा तरी रोज सारखा कुठं असतो? हलवाई बदलला की रंग बदलतो.

"म्हणून तर समोर ठेवतो," म्हणाले आणि पुरावा खाऊन टाकला.

एवढं सगळं सोवळं बघून कुणालाही वाटेल की हा माणूस एकेका फोटोवर तासन्‌तास हात फिरवत असेल. होतं उलटंच. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते. तिच्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ असते. डावीकडं फोटोतला अंधार, उजवीकडं उजेड. रेघ मधे धरून वर उचलली की फोटो उजळतो, खाली ओढली की काळवंडतो. तिला कर्व्ह म्हणतात. बाकीचे स्टुडिओवाले ही रेघ हातानं वाकवतात आणि हव्या त्या माणसाला हवं तेवढं गोरं करून देतात. अण्णा त्या रेघेला शिवत नसत. चौकटीखाली 'ऑटो' नावाचं बटण होतं. ते एकदा दाबायचं, सॉफ्टवेअर आपलं आपण फोटो तपासून रेघ वाकवतं, आणि येईल ते गिऱ्हाइकाचं तोंड. मुलीला जरा उजळ करा म्हणणाऱ्या बापांना त्यांनी हात जोडून दुसऱ्या स्टुडिओचा रस्ता दाखवलेला मी पाहिला आहे.

"मी हात लावला की माझं मन त्यात उतरतंय," ते म्हणायचे. "मशीनला गोतावळा न्हाय. ती कुणाची भीडभाड ठेवत न्हाय."

या विश्वासापायीच त्यांना आणखी एक खोड लागली होती. प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातात पडला की सुधारलेली फाइल ते पुसून टाकायचे. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल तेवढी जपायची. पीठ ठेवतो, भाकरी ठेवत न्हाय, असं त्यांचं सांगणं. लागेल तेव्हा परत भाजता येते, बटण तेच आहे. मलाही ते पटलं होतं. तेच पीठ आणि तोच तवा असल्यावर भाकरी वेगळी कशी होईल, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आला नाही.

मग नवा कॅमेरा आला. त्याच्या फाइली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेनात, म्हणून नवा कम्प्युटर आला आणि त्याबरोबर त्याच सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन. नाव तेच, चौकट तीच, बटणही तिथंच. फक्त कडा जरा गोलसर झालेल्या. जुना कम्प्युटर अण्णांनी उद्यमबागेतल्या भाच्याला, त्याच्या ओतकामाच्या कारखान्यात देऊन टाकला. काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

त्यानंतर ते मायलेक आले. मुलगा बेळगावात एका कंपनीत इंजिनिअर, नुकतंच घर बांधलेलं, येत्या रविवारी गृहप्रवेश. आई निपाणीत राहणारी. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा सांगण्यासारखा एकच फोटो, तोही अण्णांनीच काढलेला. निपाणीच्या घरात भिंतीला ओल आली, फोटो काचेला चिकटला आणि काच सोडवताना अर्धा चेहरा सोलून निघाला. मुलानं ती फ्रेम बरोबर आणली होती. तीत एक डोळा, कपाळ, एक गाल आणि नव्या पांढऱ्या शर्टाची कॉलर एवढं उरलं होतं. हाच फोटो मोठा करून हवा होता. नव्या हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारची जागा त्यानं बाबांसाठी मोकळी ठेवली होती.

कच्ची फाइल अण्णांनी लगेच काढून दिली. मी उघडली, ऑटो दाबलं, प्रिंट काढला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मायलेकांना रिवाजाप्रमाणं उंबऱ्याबाहेर राखाडी भिंतीसमोर उभं केलं आणि पाकीट उघडलं. मुलगा फोटोकडं बघत राहिला. मग त्यानं पाकिटात परत डोकावून बघितलं, आत आणखी कुणाचा फोटो आहे का.

"हे आमचे बाबा नव्हेत," तो म्हणाला.

शर्ट तोच होता. मागचा निळा पडदा तोच, गळ्याचं बटण लावलेलं तेही तसंच. पण ओल लागलेल्या फ्रेममधला गाल भरलेला होता आणि कपाळ चकचकीत. आमच्या प्रिंटमधल्या माणसाचे डोळे खोल गेले होते, गालाचं हाड वर आलं होतं आणि कॉलर मानेला सैल झाली होती. हा माणूस आजारी आहे हे कुणालाही कळलं असतं. मुलाचा आवाज चढला. तो म्हणाला, माझे बाबा शेवटपर्यंत धडधाकट होते, एका दिवसात गेले. जाण्याआधी थोडेच दिवस एका लग्नाला बेळगावला आले होते तेव्हा हा फोटो काढला. तुम्ही एक तर दुसऱ्या कुणाची फाइल उघडली आहे, नाहीतर फोटोत काहीतरी केलं आहे. त्याची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

'काहीतरी केलं आहे' हे अण्णांना फार लागलं. ज्या माणसानं आयुष्यात एका चेहऱ्याला हात लावला नाही त्याला हे ऐकावं लागलं होतं. ते टोपड्यात डोकं घालून बसले. ऑटो दाबायचे, मागं घ्यायचे, परत दाबायचे. दर वेळी तोच खोल डोळ्यांचा माणूस वर यायचा. मी सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं कुठंतरी विचारून सांगितलं की नव्या व्हर्जनमध्ये ऑटो सुधारलं आहे. जुनं ऑटो चेहऱ्यावरचा उजेड जरा जास्तच वर न्यायचं, त्यात खाचाखोचा उडून जायच्या; नवं त्या जपतं. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सुधारलंय म्हंजे आदी बिघडलतं? मग तवाच सांगायचं की."

पलीकडून फोन ठेवला गेला असावा, कारण अण्णा नुसतेच फोनकडं बघत बसले. मग ज्यांचे नमुन्याचे प्रिंट स्टुडिओच्या भिंतीवर होते त्यांच्या जुन्या फाइली त्यांनी मला एकामागून एक उघडायला लावल्या. काही चेहरे पूर्वीसारखेच आले. काही नाही आले. एक नवरी सावळी झाली, एका आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे वण उमटले. कशात बदल होतो आणि कशात नाही, याचा नियम आम्हाला काही केल्या सापडेना. शेवटी अण्णांनी एक जुना कुंदा उघडला. तो आता जास्त आटवलेला दिसत होता. पण त्या दिवशीचा खरा कुंदा कसा होता हे कुणाला विचारणार? तो त्यांनी केव्हाच खाल्ला होता.

"मग ह्या गावात मी भिंतीभिंतीवर काय लावून ठेवलंय?" ते मला म्हणाले. मला स्वतःलाच कळत नव्हतं की आम्ही आधी चुकत होतो का आता चुकतोय.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या स्कूटरवरून आम्ही उद्यमबागेत गेलो. भाच्याच्या कारखान्यात जुना कम्प्युटर ऑफिसच्या कोपऱ्यात होता, वाळूच्या काळ्या धुळीनं माखलेला, त्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवलेला. सॉफ्टवेअर अजून तसंच होतं. अण्णांनी आधी रुमालानं स्क्रीन पुसली, मग पेन ड्राइव्ह लावला. बाहेरचे कामगार काळ्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. कारखान्यात फोटोवाला कशाला आलाय हे त्यांना कळत नव्हतं. फाइल उघडली तसा खोल डोळ्यांचा माणूस आला. अण्णांनी ऑटो दाबलं. रेघ वेगळीच वाकली, चेहऱ्यावर उजेड चढला, डोळ्यांखालचे खड्डे भरले आणि गाल वर आले.

"बरा झाला की ह्यो," मागून एक कामगार म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. अण्णा मात्र त्या स्क्रीनकडं असं बघत होते की माझं हसू आपोआप थांबलं.

मायलेकांना परत बोलावलं तेव्हा अण्णांनी दोन्ही प्रिंट उंबऱ्यावर शेजारीशेजारी धरले. जुन्या व्हर्जनचा प्रिंट बघताच मुलाचा चेहरा उजळला. हे बाबा, म्हणाला. मग त्यानं दुसऱ्याकडं बोट करून विचारलं की एकाच फाइलीतून हा माणूस आला कुठून, आणि यातला खरा कुठला.

अण्णांनी दोन्ही प्रिंट एकदा खालीवर केले. "दोनी मशीननंच केल्यात, साहेब. मी हात लावला न्हाय. खरा कुठला त्ये मला कळंना."

आयुष्यभर मशीनच्या नावानं शपथ घेणाऱ्या माणसाच्या तोंडून हे निघालं. मुलगा म्हणाला, मग हा फाडून टाका. आणि तो नव्या व्हर्जनचा प्रिंट अण्णांना परत द्यायला लागला. तेवढ्यात त्याच्या आईनं तो मधेच घेतला. दोन्ही हातांत धरून उजेडाकडं केला.

"फाडू नगोस," ती म्हणाली. "ह्योच त्या दिवशीचा हाय. लग्नाला न्हवतो आलो आमी. दवाखान्यात आलतो."

मग तिनं सगळं सांगितलं, त्या उंबऱ्यावर उभ्याउभ्याच. मुलगा तेव्हा गुजरातेत पहिल्या नोकरीवर होता, पहिलंच वर्ष. बापाला दुखणं लागून बरेच महिने झाले होते. पोराला कळवायचं नाही असं त्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं, कारण कळलं असतं तर पोरगा नोकरी सोडून आला असता. पोरगा सुट्टीवर येईल तेव्हा घालायचा म्हणून त्यानं पांढरा शर्ट शिवला होता. दवाखान्यातून निघाल्यावर तो आपणच म्हणाला की चल, फोटो काढू, शर्ट तरी बघू दे पोराला. शर्ट तोवर सैल झाला होता. तो गेला तेव्हा गुजरातेहून मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, त्यामुळं शेवटचा चेहरा मुलानं बघितलाच नव्हता. आणि नंतर स्टुडिओतून फोटो आणला तर त्यात नवरा चांगला गालफडं भरलेला. तिला स्वतःला कळलं नाही हे कसं झालं.

"फोटूत बरा दिसला," ती म्हणाली. "म्या म्हटलं, असाच ऱ्हाऊ दे पोराला."

मुलगा उंबऱ्यावर बसला. समोरचा साडीवाला हातातली घडी तशीच धरून उभा होता. मग मुलगा म्हणाला, "मी आलो असतो, आई."

"म्हणून तर," ती म्हणाली.

मी आत जाऊन टोपड्यात डोकं घातलं आणि रडून घेतलं. त्या काळ्या कापडाचा तेवढा उपयोग झाला. बाहेर अण्णा काय करत होते ते मला दिसलं नाही.

मायलेकांनी दोन्ही प्रिंट नेले. रविवारी गृहप्रवेशाला त्यांनी आम्हालाही बोलावलं. घरभर पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्यात अण्णा राखाडी. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, खीर वाढली. मला वाटलं होतं, हॉलमध्ये भरल्या गालांचा फोटो असेल आणि दुसरा आईनं आपल्याजवळ ठेवला असेल. बघते तर बुद्धमूर्तीच्या शेजारी खोल डोळ्यांचा फोटो होता. मुलानंच हट्टानं तो तिथं लावला होता. मला रोज बघायचाय, एवढंच म्हणाला. भरल्या गालांचा आतल्या खोलीत, आईच्या कॉटसमोर. मी तिच्याकडं बघितलं तसं ती हळूच म्हणाली, "त्यो बाहेरचा म्या लई बघितलाय." एका पाहुणीनं तिला विचारलं, हॉलमधले आणि हे आतले, दोघं भाऊ का? ती म्हणाली, एकच हायत.

त्यानंतर अण्णा भाकरीही ठेवायला लागले. सुधारलेली फाइल पुसायची नाही, अशी सक्त ताकीद मला मिळाली. ऑटो तसंच दाबायचे, पण दाबल्यावर पूर्वीसारखे उठून जात नसत. खुर्चीत मागं रेलून चेहऱ्याकडं बघत बसायचे आणि मला विचारायचे, काय वाटतंय गं? हा प्रश्न त्यांनी मला आधी कधी विचारला नव्हता.

आता स्टुडिओ बंद आहे. अण्णा राकसकोपकडं कुठंतरी मुलीकडं असतात असं ऐकते. मी दुसरीकडं काम करते, तिथं सॉफ्टवेअर आपलं आपणच अपडेट होतं, सकाळी उघडावं तर बटणांच्या जागा बदललेल्या. ऑटो दाबलं की आज कुठला चेहरा येईल याचा मला अजून भरवसा वाटत नाही. कपडे मात्र मळखाऊच घालते. आणि इतकी वर्षं चेहऱ्यांच्या धंद्यात काढलेल्या त्या माणसाचा माझ्याकडं एकही फोटो नाही, हे परवा माझ्या लक्षात आलं.

त्या रविवारी गृहप्रवेशाहून परत येताना अण्णा स्कूटर फार सावकाश चालवत होते. शहापूर जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "मी तिसराच बघितलाय."

मला कळेना. मी विचारलं, तिसरा कोण?

"त्यो माणूस. मी कॅमेरा लावत होतो तवा आक्कानं, त्याच्या बायकूनं, त्याची कॉलर सारखी केली. तवा त्यानं वर तिच्याकडं बघितलं. त्ये ह्यातबी न्हाय आणि त्यातबी न्हाय."

मग कसा होता तो, मी विचारलं.

अण्णांनी स्कूटर गल्लीत वळवली. ती अर्धी पोपटी, अर्धी राखाडी भिंत समोर आली.

"सांगाय आलं असतं," ते म्हणाले, "तर फोटू काढायचा धंदा कशाला केला असता?"